माईंच्या दूर्वा आणि न्हाणीचं पाणी

२ मार्च ९८, सोमवार
नळाला पा. ५.१० ते ५.४०. अर्धा तास, तोही करंगळीएवढ्या धारेचा. आता थेट बुधवारी. बोअर शनिवारपासून नुसती हवा फेकतेय.

ह्यांची अंघोळ, दोन चादरी, एक लुंगी. रोजचंच. डिसेंबरात झटका आला तेव्हापासून उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही गेलंय. हात आता थोडा हलतो. बोलणं नाही. डॉक्टर म्हणतात येईल. कधी ते सांगत नाहीत.

दू. ३१,२४८. माईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, लाखोलीचा आकडा मी लिहून ठेवते, त्यांना आता वहीतलं दिसत नाही. एकवीस दूर्वांची जुडी, रोज अठ्ठेचाळीस जुड्या, म्हणजे एक हजार आठ. गणेश जयंतीला सुरुवात केली, शंभर दिवसांत लाख. मागणं एकच, मुलाला वाचा येऊ दे. मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवते (सध्या जूनपर्यंत रजेवर), ह्यावर माझा काडीचा विश्वास नाही. तरी रोज जुड्या बांधायला मांडी घालून बसते.

५ मार्च, गुरुवार
मागच्या अंगणातल्या दूर्वा पिवळ्या पडायला लागल्यात. माईंच्या नेमाप्रमाणे बाजारच्या चालत नाहीत, घरच्याच हव्यात. तीन पात्यांचं कोवळं टोक, तेही त्यांनी स्वतः खुडलेलं. आज अठ्ठेचाळीस जुड्या व्हायला सव्वादोन तास लागले.

नंतर बघते तर न्हाणीत माई दोन तांब्यांत अंघोळ उरकतायत. बादली आधीच दूर्वांवर रिकामी करून आल्या होत्या. ८१ वय. मी ओरडले. म्हणाल्या, "मला काय घाम येतोय होय गं. म्हाताऱ्या माणसाला दोन तांबे बास की."
ओरडायला नको होतं.

७ मार्च, शनिवार
ह्यांच्या कपाटात बागेची वही मिळाली. झटक्याच्या आधी सगळा आराखडा करून ठेवला होता. न्हाणीचं पाणी बागेला कसं वळवायचं, पाइप कुठून, पिंप कुठे. कारखान्यातल्यासारखी बाणांची चित्रं. खाली सूचना: साबण कमीत कमी. पाणी एका दिवसावर साठवायचं नाही, वास मारतो. स्वयंपाकघरातलं तेलकट पाणी नको. पानांवर नाही, मुळाशी. आणि शेवटी: "तुळस आणि दूर्वा सोडून. आईला शब्द दिलाय."

आठवलं ते भांडण. दोन वर्षांपूर्वीचं असेल. माईंचं म्हणणं, कुणाच्या अंगावरचं पाणी देवाच्या पत्रीला घालायचं नाही. हे हसत होते, पण शब्द दिला.

रोज मी ह्यांच्या अंगावर तीन बादल्या ओतते आणि त्या गटारात जाताना बघते. कढीपत्ता वाळला, पपई वाळली, गुलाब चाललेत. उद्या पाइप शोधायचा.

९ मार्च, सोमवार
केलं. निळं पिंप, तळाला खडी, वर वाळू, वर इस्त्रीवाल्याकडचे विझलेले कोळसे, तोंडाला माईंचं जुनं लुगडं. न्हाणीच्या नळीला रबरी पाइप, सायकलच्या ट्यूबने आवळलेला. गळतो थोडा. गळू दे.

ह्यांना खुर्चीत बसवून मागच्या दाराशी नेलं होतं. डाव्या हाताने हुकूम. वाळू आधी धुऊन घ्यायची असते हे मला कळेना, तेव्हा मूठभर वाळू तांब्यात टाकून तो गढूळ तांब्या माझ्यापुढे धरला. चेहऱ्यावर ते जुनं "तुला एवढंही कळत नाही?" मला इतकं बरं वाटलं. तीन महिन्यांनी कुणीतरी माझ्यावर चिडलं.

माईंना विचारूनच केलं. म्हणाल्या, "कर की. गुलाबाला घाल, कढीपत्त्याला घाल. दूर्वांकडं जाऊ द्यायचं नाही एवढं बघ." सरी, म्हटलं, इथल्या भाषेतलं "बरं".

१२ मार्च, गुरुवार
पाणी उतार बघतं. मी बघितला नव्हता. पंचवीस वर्षं ह्या घरात राहून अंगण दूर्वांच्या बाजूला उतरतं हे मला माहीत नव्हतं. कढीपत्त्याशी सोडलेलं पाणी दुपारपर्यंत दूर्वांच्या कडेला जाऊन पोचलं. धावत जाऊन तीन विटा आणि मातीचा बांध घातला. माई झोपल्या होत्या.
हातभर ओल गेलीच. सांगितलं नाही. हातभर ओलीचं काय सांगायचं?

१४ मार्च, शनिवार
पा. नाही. टँकर गल्लीच्या तोंडाशी आला, माझा नंबर येईपर्यंत संपला. शेजारच्या शारदम्मांनी दोन घागरी दिल्या. त्यांच्याकडेही नाहीये. नळावर माझ्याशी इतकं गोड बोलतात आणि मग आत जाऊन पाणी दिल्यावरून नवऱ्याला बोलतात, मला ऐकू येतं. मी असते तर मीही बोलले असते.

१६ मार्च, सोमवार, संकष्टी
सकाळी माईंना तीसच जुड्या मिळाल्या. बाकी सगळं वाळकं. पाटावर तशाच बसून राहिल्या, हातात कात्री. मग शारदम्मांच्या कुंपणाकडून कशाबशा अठरा झाल्या. "घरच्या" हा नेम मोडला म्हणून देवासमोर नाक घासलं. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या काय करायचं गं, सुनंदा?" त्या मला कधी काही विचारत नाहीत, सांगतात.

दू. ४५,३६०.

संध्याकाळी ह्यांची अंघोळ झाल्यावर बांधातली एक वीट काढली.

२३ मार्च, सोमवार
एक वीट, मग दुसरी. आता बांध नाहीच. आठ दिवसांत दूर्वा अशा उठल्यात की बघत राहावं. कोवळ्या, टोकदार. अठ्ठेचाळीस जुड्या पाऊण तासात.

माई आज खुशीत. "तुझ्या हाताला गुण आहे बघ. काय घालतीस?"
म्हटलं, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी.
इतकं सहज आलं तोंडातून की माझी मलाच शंका आली, आधीच ठरवून ठेवलं होतं की काय. दिसत नाही त्यांना नीट, नाहीतर पाइप कुठे तोंड करून आहे ते कळलं असतं. त्यांच्या डोळ्यांचा मी फायदा घेतेय, हे सरळ लिहून ठेवते.

२८ मार्च, शनिवार, पाडवा
आज हे बोलले.
सकाळी साडेसातला. मी कप घेऊन आत गेले आणि ते म्हणाले, "चहा." स्पष्ट. मी कप खाली ठेवला आणि तिथेच पलंगाच्या कडेला बसून रडले. परत म्हणाले, चहा. गार होतोय म्हणून असेल.

माईंनी गुढीपुढे साखर ठेवली, मग गणपतीपुढे, मग माझ्या तोंडात. "निम्म्यावर आली आणि ऐकलं बघ त्यानं." दू. ५७,४५६.

झटक्यानंतर बोलणं हळूहळू परत येतं, डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं होतं. त्याचा दूर्वांशी संबंध नाही. पण आज दिवसभर एकच विचार. असलाच संबंध, तर? लबाडीच्या दूर्वांना हा शब्द आला असेल, तर तो राहील का? असला वेड्यासारखा विचार मी करीन असं वाटलं नव्हतं.

३ एप्रिल, शुक्रवार
ह्यांना कळलं.
मागच्या दाराशी बसले होते. मी पाइप सोडला. ते बघत होते, पाणी कुठे जातंय. मग डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर ठक ठक ठक. दूर्वांकडे बोट. परत ठक ठक.

मी म्हटलं, "अहो, कळतंय मला. मग काय करू? तुम्हीच सांगा. पिण्याचं पाणी ओतू?"
हे बोलून गेल्यावर लक्षात आलं, "तुम्हीच सांगा" कुणाला म्हणतेय.
त्यांनी तोंड फिरवलं. संध्याकाळी भात भरवताना दोन घास घेऊन तोंड मिटलं. शब्द त्यांनी दिला होता, मोडला मी. बिचाऱ्यांना ना मोडता येतो, ना मला अडवता.

८ एप्रिल, बुधवार
पा. ४.५० ते ५.३५. बरं आलं.
गुलाबांची पानं कडेने जळालीत. तांबूस, कुरकुरीत. वहीत ह्यांनी लिहिलंय, साबणातल्या खाराने होतं. आजपासून ह्यांना साबण बंद, डाळीचं पीठ. धुण्याला रिठा. माई म्हणाल्या, बरं केलंस, आमच्या निपाणीला हेच होतं.
घाणेरड्या चादरींचं औषध घातलेलं पाणी मात्र बादलीने बाहेर गटारात नेऊन ओतायचं. पाइपात नाही.
मोगरा तग धरून आहे. दूर्वांना काहीच होत नाही. साबण पचवतात, खार पचवतात. निर्लज्ज गवत आहे.

१३ एप्रिल, सोमवार
कंबर धरली. चादरीचं पाणी आज बाहेर नेलं नाही. न्हाणीतच ओतलं. एकदाच.

१६ एप्रिल, गुरुवार
परत एकदा.

२० एप्रिल, सोमवार
दू. ८०,६४०.
निपाणीहून माईंची भाची येऊन गेली. दोन तास बसली, जाताना काडी टाकून गेली. देवाला वाहिलेल्या दूर्वा निर्माल्यात कशाला टाकता, त्याचा रस काढून दादांना द्या, रोज सकाळी दोन चमचे, जीभ मोकळी होते.

माईंनी लगेच खलबत्ता धुवायला सांगितला.
मी म्हटलं डॉक्टरांना विचारू. "देवाच्या प्रसादाला डॉक्टर कशाला?"

२१ एप्रिल, मंगळवार
रस मीच काढला. वाटीत हिरवागार. माईंना म्हटलं मी पाजते, तुम्ही बसा. आत नेऊन मोरीत ओतला. रिकामी वाटी बाहेर आणून दाखवली.
ह्यांनी बघितलं सगळं. ह्या वेळी ठक ठक केलं नाही. नुसते बघत होते. मला ते जास्त लागलं.

२२ एप्रिल, बुधवार
डॉक्टरांना फोन केला. असलं काही देऊ नका म्हणाले. माईंना सांगितलं. "दोन चमच्यांनी काय होतंय." परत मोरी.

२४ एप्रिल, शुक्रवार
मी पहाटे नळावर होते. पा. ५.१५ ला आलं, घागरी भरत होते. आत येते तर माई ह्यांच्या उशाशी. वाटी रिकामी. "आज मीच पाजला. तू दमतीस." ह्यांच्या ओठाच्या कडेला हिरवं. मी पदराने पुसलं.
त्यांनी तोंड मिटलं असतं तरी चाललं असतं. आईच्या हातचं म्हणून प्यायले असणार.

संध्याकाळपासून जुलाब. रात्रीपर्यंत पाच वेळा.

२५ एप्रिल, शनिवार
डॉक्टर येऊन गेले. मीठ-साखरेचं पाणी, गोळ्या. काय खाल्लं विचारलं. मी सांगितलं, रस, आणि ते गवत कशावर वाढलंय तेही. डॉक्टर म्हणाले त्याने झालं असेल किंवा नसेल, उन्हाळ्याचे दिवस आहेत, सगळीकडे चाललंय. पण रस कायमचा बंद.
हे ऐकून मला सुटल्यासारखं व्हायला हवं होतं. झालं नाही.

माई देवासमोर. आता जपही सुरू. मुलाच्या पोटासाठी दूर्वा जास्त वाहू का, विचारत होत्या.

२६ एप्रिल, रविवार
सांगितलं.

ह्यांचं पोट थांबलं होतं. माई पाटावर बसल्या, समोर जुड्या. पहिली जुडी उचलली तेव्हा मी हात धरला. म्हटलं, माई, ह्या वाहू नका. सगळं सांगितलं. वीट, उतार, तांदळाच्या पाण्याची थाप, चादरीचं पाणी दोन वेळा, मोरीत ओतलेला रस.

मला वाटलं होतं बोलतील, रडतील, मला बोल लावतील. त्यांनी जुडी परत तबकात ठेवली. मग म्हणाल्या, "कुणाच्या अंघोळीचं पाणी?"
ह्यांच्याच, म्हटलं.
"वसंताच्या अंगावरचं पाणी घातलेल्या दूर्वा, वसंतासाठीच देवाला वाहिल्या मी."
आवाज चढला नव्हता. मला वाटतं चढला असता तर बरं झालं असतं.

तबक उचलून स्वतः कचऱ्यात रिकामं केलं. देव्हाऱ्याचं दार लावलं. जेवल्या नाहीत.

२७ एप्रिल, सोमवार
अबोला. माझ्याशी नाही, घराशीच. ह्यांच्या उशाशी बसून पाय चेपत होत्या.
मला राग येतोय. येऊ नये, पण येतोय. कुणासाठी केलं मी? माझ्या हाताने रोज तीन बादल्या ओतते, चादरी पिळते, त्याच पाण्याने ते गवत जगवलं. चोरी थोडीच केली. आणि लगेच वाटतं, वाटीतलं हिरवं ह्यांच्या ओठाला लागलं होतं, विसरलीस का?

२८ एप्रिल, मंगळवार
सकाळी माईंनी हाक मारली. "वही आण. पाइप कधी जोडलास?"
नऊ मार्च.
"त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत किती झाल्या होत्या?"
सदतीस हजार दोनशे शहाण्णव.
मी म्हटलं, वीट सोळा तारखेला काढली, तोवरच्या धरा. "ओल गेली होती म्हणालीस नव्हं?" गेली होती. "मग नकोत." त्याच्या पुढचे अठ्ठेचाळीस हजार त्यांनी असे पुसले, हातावरचं पाणी झटकावं तसे. सदतीस हजारांपासून परत सुरू. घरच्या दूर्वांचा नेम सोडला, ती माती आता वर्षभर नको. बाजारच्या चालतील, फक्त चांगल्या जागच्या हव्यात.

मग म्हणाल्या, "तुला मी काय बोलणार नाही. तू त्याचं सगळं करतीस, मला दिसत नसलं तरी कळतंय. पण आता माझ्यापासनं काही लपवायचं नाही. गणपतीवर हात ठेव."
ठेवला. पितळी मूर्ती, गार. मुलांना प्रयोगशाळेत जे शिकवते त्यातलं काहीही त्या वेळी आठवलं नाही. मनापासून ठेवला.

३० एप्रिल, गुरुवार
देवळाजवळ फुलं विकणारी गौरम्मा रोज पहाटे दाराशी दूर्वा आणून देणार. तिच्या भाषेत गरिके. पहिला भारा आला, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. लांब, जाड पाती, गर्द हिरवी. आमच्यापेक्षा देखणी. माईंनी बोटांनी चाचपली आणि तोंड जरा उजळलं.
दू. ३८,३०४.

१० मे, रविवार
आज लाख पुरे व्हायचे होते. दोघींनी जुड्या बांधल्या. दू. ४८,३८४.
पुरणाची डाळ आणून ठेवली होती मार्चमध्येच, ह्या दिवसासाठी. आमटीला वापरली.

गुलाब तिन्ही गेले. कढीपत्ता फुटला. पाइप पुन्हा कढीपत्त्याशी, बांध पक्का सिमेंटचा घालून घेतला. पाऊस दोनदा येऊन गेल्यामुळे अंगणातल्या दूर्वा पोटरीपर्यंत वाढल्यात, तुरे आलेत. कुणी हात लावत नाही.

१७ मे, रविवार
"आई."
दुपारी चारला. माई उशाशी होत्या. मी भांडी घासत होते, ऐकू आलं, तशीच राखेच्या हातांनी आत गेले. परत म्हणाले. आई.
माई त्यांच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या, डोळ्यांना दिसत नाही ते बोटांनी बघत असल्यासारख्या.

नंतर स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "बघितलंस? खऱ्या वाहिल्या आणि अठरा दिवसांत ऐकलं." टोमणा नव्हता. समजूत घालत होत्या माझी.
मी म्हटलं, हो माई.
"चहा" आलेला दिवस त्यांनी आता धरायचाच सोडलाय. तो माझा दिवस होता.

२० मे, बुधवार
दू. ५८,४६४. आता बोलणं रोज थोडं. "आई", "चहा", "नको". नको फार स्पष्ट येतो.
माईंनी विचारलं, "गौरम्मा कुठनं आणतीय गं? एवढी हिरवी. विचारून ठेव, लाखोली झाली की त्या जागेला ओटी भरून यायचं." विचारते म्हटलं.

२१ मे, गुरुवार
विचारलं. गौरम्मा म्हणाली, "केरे दंडे, अम्मा." तळ्याच्या काठची. कुठलं तळं? बेळ्ळंदूरच्या बाजूचं, शहराच्या टोकाला. तिची बहीण तिकडे राहते, पहाटे कापते, पहिल्या बसने पाठवते. "तिकडे कधीच सुकत नाही अम्मा, वर्षभर पाणी."

वर्षभर पाणी. ह्या उन्हाळ्यात? कुठलं पाणी ते मला माहीत आहे. नसावं असं वाटतंय.

२२ मे, शुक्रवार
शारदम्मांना ह्यांच्याजवळ बसवलं, माईंना शाळेत काम आहे म्हणाले, आणि गेले. हाही एक खोटेपणा. दोन बस बदलून. उतरल्या उतरल्या वास आला.

मोठं तळं. एका बाजूने नाला येऊन मिळतो, काळा, वर फेस. अर्ध्या शहराच्या न्हाण्या, मोऱ्या, संडास, सगळं त्यात. आणि काठाला गवत, असं तरारलेलं. दोन बायका गुडघाभर चिखलात उभ्या राहून विळ्याने कापत होत्या, भारे तिथल्याच पाण्यात बुचकळून बांधत होत्या. त्यातली एक गौरम्मासारखीच दिसत होती. काय बोलणार? पोट आहे त्यांचं.

माझी ती एक नळी, वाळू धुऊन घेतलेली, कोळसे, लुगडं, डाळीच्या पिठाची अंघोळ. ते ओवळं ठरलं. परतीच्या बसमध्ये हसू यायला लागलं, आणि मग कंडक्टर बघायला लागला म्हणून खिडकीकडे तोंड केलं.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं, माई बाहेर असताना, हळू आवाजात. डोळे मिटून ऐकलं. म्हटलं, सांगू का त्यांना? डोळे उघडले नाहीत.

२३ मे, शनिवार
सांगितलं तर परत सदतीस हजार. ८१ वर्षांची बाई, तिसऱ्यांदा. आणि दूर्वा आणायच्या कुठून? ह्या शहरात आत्ता हिरवं आहे ते कुठल्या पाण्यावर, हे विचारायला लागलं तर देवाला वाहायला काही उरणार नाही. शिवाय "आई" हा शब्द. तोही त्या पुसून टाकतील का, माझ्या "चहा"सारखा? तेवढं बळ त्यांच्यात उरलंय असं वाटत नाही.

नाही सांगितलं तर गणपतीवर हात ठेवलाय. कुणासमोर ठेवलाय ते माहीत आहे. देवाची भीती नाही मला. माईंची आहे. भीती पण नाही, काहीतरी दुसरं. त्यांनी मला एकदा माफ करून सोडून दिलंय.

२४ मे, रविवार
पा. आलंच नाही.
दू. ६२,४९६.

जुड्या बांधताना माईंनी विचारलंच. "विचारलंस का गौरम्माला?"
हो, म्हटलं. तळ्याकाठच्या आहेत.
"तळ्याकाठच्या?" हातातली जुडी डोळ्यांना लावली. "म्हणून एवढ्या टवटवीत. तळ्याची म्हणजे चांगलीच की गं." त्यांच्या डोळ्यांसमोर गावाकडचं तळं आलं असणार, घडीव पायऱ्यांचं, काठाला देऊळ असलेलं. मी काही खोटं बोलले नाही. आणि मी काय केलं ते मला पुरतं कळतंय.

हे खुर्चीत होते, दाराशी. ऐकत होते.
"सुनंदा," म्हणाले.

डिसेंबरपासून पहिल्यांदा. स्पष्ट, नेहमीच्याच आवाजात. माईंनी दोन्ही हात जोडले. "घे, तुझंही नाव आलं बघ." मला आनंद झाला. आणि त्याच्या मागोमाग भीती, कारण ते माझ्याकडे बघत होते, हसत नव्हते.

जवळ गेले, खाली बसले, गुडघ्यावर हात ठेवला. विचारलं, काय? सांग म्हणताय, की नको?
ओठ हलले. पुढचा शब्द जुळत होता, मला दिसत होतं. "नको" त्यांना येतं. ते नाही म्हणाले. दुसरं काहीतरी जुळवत होते, जे अजून येत नाही.

माई मागून म्हणाल्या, "घाई करू नकोस गं त्याला. येईल."
मी तिथेच बसून राहिले, ते पुन्हा प्रयत्न करत होते.